पाणी तापत नव्हतं त्या आठवड्यात

राग माझ्या नाकावर असतो, हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे आणि मलाही मान्य आहे. पण त्या बुधवारी आला तो राग नाकावरचा नव्हता, पार पोटातून आला होता. नवरा जेवता जेवता सहज म्हणाला, की भांडी धुवायचं मशीन आता वावरातल्या झोपडीत नेऊन टाकू. पाणी तापवत नाही तर घरात ठेवून करायचं काय? बियाणं ठेवायला बरं पडेल, दार गच्च लागतं, उंदीर शिरणार नाही. रविवारी सकाळी भाजीची गाडी येते, तिच्यातच चढवू. आणि सोमवारपासून भांडी घासायला गावातली एक बाई त्याने ठरवूनही टाकली होती. मला विचारलंसुद्धा नव्हतं.

मी ताट सरकवलं आणि सांगितलं, मशीन कुठंही जाणार नाही, रविवारच्या आत मी ते दुरुस्त करून दाखवते. नवऱ्याने तोंडातला घास संपवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तू?" झालं. त्या एका अक्षराने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी वर्ध्याच्या एका शाळेत अठरा वर्षं विज्ञान शिकवते. विजेचा धडा तर माझा तोंडपाठ. आता खरं सांगायचं तर तोवर मी घरातला साधा प्लगसुद्धा कधी उघडला नव्हता, पण ते त्या वेळी कशाला कबूल करू?

मशीन मुळात माझ्या भावाचं. तो पुण्याहून परदेशी गेला तेव्हा त्याने सगळं सामान वाटून टाकलं आणि माझ्या वाट्याला हे आलं. ट्रकमधून वर्ध्यापर्यंत आणि तिथून आमच्याच भाजीच्या गाडीतून, वांग्यांच्या क्रेटांमध्ये बसून ते गावात आलं. आमचं गाव सेलूच्या जवळ. वांगी, मिरची, मेथी आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, हे आमचं पीक. मशीन पाहायला निम्मी गल्ली आली होती. ताट घासायला दोन मिनिटं लागतात तिथं हा डबा दीड तास घुमतो, असं म्हणून सगळे हसून गेले. मीही पहिले चार-सहा दिवस कौतुकाने चालवलं आणि मग आळस केला. ते कोपऱ्यात उभं राहिलं, वर लोणच्याच्या बरण्या आल्या.

ते कोपऱ्यातून बाहेर काढलं माझ्या सासऱ्यांनी. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मशीन येण्याच्या काही महिने आधी मामाजींना अर्धांगाचा झटका आला होता. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, पण डावा हात गेला तो गेलाच. आणि शेतातलं एकही काम एका हाताचं नसतं. विळा धरायचा तर दुसऱ्या हातात मेथी धरावी लागते, फावड्याला दोन हात लागतात, जुडी बांधायची तर गाठसुद्धा एका हाताने बसत नाही. पन्नास वर्षं उजाडायच्या आत वावरात जाणारा माणूस समोरच्या छपरीत खाटेवर बसून राहिला. सासूबाई आधीच गेलेल्या. सुरुवातीला भेटायला लोक यायचे, मग तेही कमी झाले. मामाजी बोलेनासे झाले. फक्त किती वाजले म्हणून विचारायचे, आणि पाच मिनिटांनी पुन्हा विचारायचे. ते ऐकलं की मला कुठंतरी पळून जावंसं वाटायचं.

एके दिवशी मी शाळेतून आले तर सगळी भांडी धुतलेली, पुसलेली, फळीवर लावलेली. घरात मामाजींशिवाय कोणी नव्हतं. जन्मात ज्यांनी आपलं ताट उचललं नव्हतं, त्यांनी मशीन चालवलं होतं. भांडी घासणं हे त्यांच्या लेखी बायकांचं काम, ते त्यांनी मेले तरी केलं नसतं. पण हे मशीन होतं. आत मोटर होती, पाणी घेत होतं, पाणी सोडत होतं. विहिरीवरची मोटर नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस होता तो. दुसऱ्या दिवसापासून ते मशीन त्यांचं झालं. बाजूला स्टूल टाकून ते बसायचे, कान लावून. आता पाणी घेतलं, आता सोडलं, असं स्वतःशीच म्हणायचे. एकदा पारावरून कोणीतरी त्यांना गप्पा मारायला बोलवायला आलं, तर मामाजी आतूनच म्हणाले, "मले टाईम नाई. मशीन चालू हाये." मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसले. मग डोळे पुसले. त्या महिन्यापासून ते रोज दाढी करायला लागले.

तेव्हा नवऱ्याला मशीन वावरात न्यायचं होतं म्हणजे काय करायचं होतं, ते मला स्वच्छ दिसत होतं. मशीन झोपडीत जाणार आणि मामाजी पुन्हा खाटेवर. बाबा दुसरं काहीतरी करतील, असं नवरा म्हणाला. मी विचारलं, काय करतील? त्यावर तो हात धुवायला उठला.

मामाजी त्या आठवड्यात घरी नव्हते. माझी नणंद पुलगावला असते, तिच्या नव्या घराची वास्तू होती म्हणून आठ दिवस तिकडे गेले होते. जाताना पिशवी हातात घेऊन मुद्दाम स्वयंपाकघरात आले आणि मला म्हणाले, की मशीनला हात लावू नको, आठ दिवस भांडी हाताने घास, मी आल्यावर पाहीन. मला भयंकर राग आला. माझ्या भावाचं मशीन आणि मीच हात लावायचा नाही? तसंही ते कोणाला हात लावू देत नसत. रविवारी मी घरी असायची, मी लावते म्हटलं तर म्हणायचे, आज मशीनला सुट्टी, आपण शेतावरच्या सालदारालाही देतोच की. मला त्यात पुरुषी ताठा दिसायचा. मी कसली ऐकते? सोमवारी सकाळी शाळेत जायच्या आधी भांडी भरली आणि बटण दाबलं.

भांडी निघाली ती चिकट. वांग्याच्या भाजीच्या तर्रीची लाल कड प्रत्येक वाटीला तशीच. मला वाटलं, जास्त भरली असतील. मंगळवारी निम्मीच लावली, तरी तेच. दार उघडल्यावर वाफ येते ती आलीच नाही, ताटं विहिरीतून काढल्यासारखी गार आणि साबणाची वडी तिच्या खणात अर्धी तशीच चिकटलेली. डिसेंबर होता, नळाच्या पाण्यात हात घालवत नव्हता. म्हणजे मशीन धूत होतं, पण पाणी तापवत नव्हतं. नवरा म्हणाला, बाबा गावाला गेले आणि मशीन रुसलं. मीही हसले तेव्हा. बुधवारचं भांडण व्हायचं होतं अजून.

गुरुवारी मी कंपनीला फोन लावला. एका गोड आवाजाच्या मुलीने हिंदीत पिनकोड विचारला आणि तितक्याच गोडपणे सांगितलं, की तुमच्या भागात आमचा माणूस येत नाही. मी विचारलं, आमच्या भागात काय वाघ आहेत? तिने तेही लिहून घेतलं असावं. शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि येताना सेलूलाच उतरले. तिथं विहिरींच्या मोटारी बांधून देणारे एक मिस्त्री आहेत, आमची मोटर जळली की त्यांच्याकडेच जाते. तांब्याच्या तारांच्या भेंडोळ्यात बसलेले असतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातली तार खाली ठेवून नीट ऐकलं.

"मॅडम, भांडे धुवाची मशीन म्या आजपर्यंत खोलून पाह्यली नाई," ते म्हणाले. "पन पानी तापवाचं म्हटलं का गोष्टी तीनच. एक कॉइल. दुसरी कॉइलपर्यंत येनारी वायर. अन् तिसरं, कॉइलले आता ताप म्हनून सांगनारं कार्ड. एकएक करून पाहा."

इतकं स्वच्छ मी अठरा वर्षांत एकाही वर्गाला सांगितलं नव्हतं. मला एकदम उभारी आली. मी म्हटलं, तुम्ही या ना. तर त्यांचा आवाज चेष्टेचा झाला, मुलांना शिकवता तर तुम्हीच पाहा की. आणि त्यांनी त्यांचं मीटर माझ्या हातात दिलं. दोन काड्या कशा टेकवायच्या ते दाखवलं. कॉइल जिवंत असेल तर मीटर बोलेल, मेली असेल तर गप्प राहील. आधी प्लग काढायचा, नळ बंद करायचा, हे दोनदा बजावलं. बसमध्ये ते मीटर मी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते. शेजारच्या बाईने विचारलं, काय आहे? मी म्हटलं, दवाखान्याचं आहे. का म्हटलं कोण जाणे, पण मला तेव्हा तसंच वाटत होतं.

घरी पोचले तेव्हा तीन वाजले होते. नवरा अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होता. त्याला हाताला धरून आत आणला. तो कुरकुरत आला, पण आला. प्लग काढला, नळ बंद केला. आधी मशीनच्या तळाची जाळी काढली, मिस्त्रींनी तसं सांगितलं होतं. जाळीत शितं, मिरचीच्या बिया आणि काळी कचकच. बोटावर घेऊन पाहिली तर जळक्या काड्यांचे बारीक तुकडे, राख. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांच्या काड्यांचे. अंगणात चुलीला आम्ही त्याच जाळतो. वाऱ्याने उडून आले असतील म्हणून मी ते टाकून दिले आणि पुढे लागले.

मग दोघांनी मिळून मशीन जुन्या गोधडीवर आडवं केलं. आत राहिलेलं पाणी बरोबर नवऱ्याच्या विजारीवर सांडलं. तो ओरडायच्या आत मी पेचकस घेऊन बसले. खालच्या पत्र्याला आठ स्क्रू. सात निघाले, आठवा गंजलेला. त्या आठव्या स्क्रूला मी जे काही बोलले ते शिक्षकाच्या तोंडी शोभणारं नव्हतं. शेवटी निघाला. पत्रा बाजूला झाला आणि आत कॉइल दिसली. वरून चुन्याचा थर बसलेली, पण अखंड. मीटरच्या काड्या दोन टोकांना टेकवल्या.

मीटर बोललं. मी जागची उडालेच. कॉइल जिवंत होती! मग मला एकदम आठवलं आणि मी मशीनच्या पाठीवरची पट्टी वाचली, वॉटचा आकडा घेतला, रद्दीतल्या पेपरच्या कोपऱ्यावर गणित मांडलं. जो रोध यायला हवा होता, मीटरवर जवळजवळ तोच. इतकी वर्षं फळ्यावर लिहून लिहून मुलांना पाठ करायला लावलेलं सूत्र पहिल्यांदाच माझ्या हातात खरं निघालं होतं. मी तो कागद नवऱ्याच्या नाकासमोर नाचवला. तो म्हणाला, बरं मग तापत का नाही? अगदी बरोबर. कॉइल चांगली, तर मग दुसरी गोष्ट. वायर.

कॉइलपासून निघालेल्या दोन वायरींवरून मी बोट फिरवत मागे गेले. वीतभर गेल्यावर बोटाला काहीतरी मऊ लागलं. आणखी हात घातला आणि एक गोळा बाहेर आला. कापसाचा. कापूस, सरकीची टरफलं, कागदाचे कपटे. उंदराचं घर. आणि त्याच्या मागे वायर कुरतडलेली, टोकं एकमेकांकडे पाहत असलेली. मी अशी किंचाळले की पाणी आणायला गेलेल्या नवऱ्याला वाटलं मला शॉक लागला. तो दाराआडची काठी घेऊन धावत आला. मी म्हटलं, मारा आता कोणाला मारता ते, यातच तुम्ही बियाणं ठेवणार होतात ना! मग आम्ही दोघं त्या ओल्या गोधडीवर बसून इतकं हसलो की माझ्या पोटात दुखायला लागलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण असं हसून किती दिवस झाले होते.

हसता हसता मी तो गोळा हातात फिरवत होते. आणि माझं हसू थांबलं. कापूस? आमच्या घरात कापूस आहे कुठे? यंदा आम्ही कपाशी लावलीच नव्हती, सगळी मिरची होती. मागच्या वर्षीचा कापूस आतल्या खोलीत भरून ठेवला होता, तो होळीच्या आधीच गाडीत भरून वर्ध्याला गेला. त्यानंतर घरात बोंडभरही कापूस आला नाही. म्हणजे उंदराने हे घर केलं होळीच्या आधी. आणि वायरही तेव्हाच तोडली.

मी नवऱ्याला म्हटलं, हे मशीन परवा बिघडलेलं नाही. हे गेल्या होळीपासून पाणी तापवत नाही. तो म्हणाला, काहीतरीच काय, भांडी तर चकाचक निघत होती. निघत होती, हे खरंच होतं. आणि मग एकेक गोष्ट माझ्या डोक्यात उलगडायला लागली. उन्हाळ्यात मामाजी मशीन ऐन दोन वाजता लावायचे. आम्ही म्हणायचो, म्हाताऱ्याला ऊनही कळत नाही. त्यांना ऊनच कळत होतं. आमच्या गच्चीवर काळी टाकी आहे, मे महिन्यात दुपारी तिचं पाणी हाताला सोसत नाही. दोन वाजता नळातूनच कढत पाणी यायचं, मशीनला तापवायची गरजच नव्हती. मग पाऊस लागला, टाकी गार झाली. तेव्हापासून मामाजी अंगणातल्या चुलीवर रोज गंजभर, म्हणजे मोठं पातेलंभर, पाणी ठेवायला लागले. डॉक्टरांनी हात शेकायला सांगितलंय म्हणायचे. सांगितलं होतंच. पण एका हाताला शेकायला गंजभर पाणी? ते मला कधी सुचलं नाही. जाळीतले जळके काडीचे तुकडे वाऱ्याने आलेले नव्हते.

मी दहाच्या बसने जायची, नवरा वावरात, त्यानंतर घरात फक्त मामाजी. मशीनने जुनं पाणी सोडलं की नवं घ्यायच्या आत दार उघडायचं, चुलीवरचं उकळतं पाणी आत ओतायचं, दार लावायचं. पुरेसं पाणी मिळालं की मशीन आपलं घेत नाही. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. एका वेळी तीनदा तरी. त्यासाठी तर ते कान लावून बसत होते. आणि हे सगळं एका हाताने, अंगणातून स्वयंपाकघरापर्यंत, दोन उंबरे ओलांडून. रविवारी मी घरी असायची म्हणून मशीनला सुट्टी असायची.

मी हे सगळं नवऱ्याला सांगितलं. तो कापसाचा गोळा माझ्या हातातून घेऊन पाहत बसला. म्हणाला, "बाबा खाटेवरून उठले, यातच मी खूश होतो. उठून काय करून राह्यले, ते मी पाह्यलंच नाई." मग तो उठला आणि सोमवारपासून येणाऱ्या बाईला स्वतःच नको म्हणून सांगून आला. मला काही म्हणावं लागलं नाही.

शनिवारी शाळा सकाळची. सुटल्याबरोबर सेलू गाठलं. मिस्त्रींना उंदराचं सांगितलं तर ते इतके हसले की बाजूच्या दुकानातले दोघं डोकावले. त्यांनी गीझरला लावतात तशी उष्णता सोसणारी वायर कापून दिली, आणि मग काय वाटलं कोण जाणे, दुकान मुलाच्या भरवशावर टाकून मोटरसायकलवर माझ्यासोबत आले. वायर मी जोडली, त्यांनी फक्त पकडीने सांधे दाबून पाहिले, आणि नुसती टेप लावू दिली नाही, वरून जाड नळी चढवायला लावली. जिथून उंदीर शिरला होता ते भोक नवऱ्याने पत्र्याचा तुकडा ठोकून बंद केलं. मशीन उभं केलं. रिकामंच लावलं. मी बटण दाबलं आणि तिघंही कान लावून उभे राहिलो.

पाणी घेतल्याचा आवाज आला. दहा मिनिटं गेली. मी दाराच्या पत्र्यावर तळहात ठेवला होता. गार. मिस्त्री म्हणाले, थांबा. मग तळहाताला काहीतरी वाटलं. मी हात काढला, पुन्हा ठेवला. कोमट. मी नवऱ्याचा हात ओढून तिथं टेकवला. त्याचे डोळे मोठे झाले. आणखी थोड्या वेळाने मिस्त्रींनी दार उघडलं आणि वाफेचा लोट माझ्या चष्म्यावर आला. मला काही दिसेना, पण मी टाळ्या वाजवत होते. पाय जमिनीवर ठरत नव्हते. पंचेचाळिसाव्या वर्षी मी एक यंत्र उघडलं होतं, त्याचं दुखणं शोधलं होतं आणि ते बरं केलं होतं. त्या दिवशी मला कोणी रेल्वेचं इंजिन दिलं असतं तरी मी उघडलं असतं.

रविवारी संध्याकाळी मामाजी आले. मी ठरवलं होतं, आल्या आल्या सांगायचं. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि जीभ रेटेना. सांगायचं म्हणजे काय? मशीन दुरुस्त झालं म्हटलं, की ते बिघडलेलं होतं हे मला कळलं असं होतं. त्यांनी दहा महिने जे झाकून ठेवलं ते मी उघडं पाडलं असं होतं. आणि न सांगावं, तर उद्या पुन्हा ते उकळतं पाणी घेऊन दोन उंबरे ओलांडणार. नवऱ्याला म्हटलं, तुम्ही सांगा. तो म्हणाला, तू दुरुस्त केलंस, तूच सांग. रात्री जेवताना मामाजींनी एकदाच विचारलं, मशीनला हात तर नाही ना लावला? मी वाढत होते. नुसती मान हलवली, हो की नाही ते माझं मलाच कळलं नाही.

सोमवारी सकाळी त्यांनी अंगणात चूल पेटवली, गंज चढवला. मी आतून पाहत होते. मला बोलता येत नाही तर मशीननेच सांगावं, असं मी ठरवलं. शाळेची साडी नेसले, रात्रीची सगळी भांडी भराभर आत लावली आणि बटण दाबून बाजूला उभी राहिले. सवा नऊ झाले असतील. चुलीला काड्या मोडून आणायला मामाजी घरामागे गेले होते, ते अर्ध्या तासाने अंगणात परतले तेव्हा त्यांना आवाज ऐकू आला. मामाजी तीरासारखे आत आले. उजव्या हातात उकळत्या पाण्याचा गडवा, पाणी काठाशी हिंदकळत होतं, आणि चेहऱ्यावर संताप. मी सांगितलं होतं ना हात लावू नको, असं काहीतरी म्हणत त्यांनी गडवा ओट्यावर ठेवला आणि मशीनचं दार ओढलं.

वाफ त्यांच्या तोंडावर आली. ते दोन पावलं मागे झाले. मग पुन्हा पुढे आले, वाकले, आत हात घालून ताटाला लावला आणि पटकन ओढून घेतला. वळून माझ्याकडे पाहिलं.

"कधी समजलं तुले?"

"शुक्रवारी," मी म्हटलं. आणि मग मला काय झालं सांगता येत नाही. एकोणीस वर्षांत ज्यांच्यासमोर मी आवाज चढवला नव्हता, त्या मामाजींना मी रागवायला लागले. एका हाताने उकळतं पाणी? पाय अडखळला असता तर? अंगावर सांडलं असतं तर घरात होतं कोण? आम्हाला एका शब्दाने सांगता येत नव्हतं? आम्ही काय परके आहोत? मी बोलतच होते आणि रडत होते, दोन्ही एकदम चाललं होतं. मामाजी मशीनचं दार धरून उभे राहून सगळं ऐकत होते.

मी थांबल्यावर ते हळूच म्हणाले, "मले वाटलं, मशीन गेली म्हंजे मी बी गेलो."

ते स्टुलावर बसले. ओट्यावरच्या गडव्याकडे पाहिलं, आत फिरायचं थांबलेल्या मशीनकडे पाहिलं. "आता तर ते आपलं आपनच तापवते," ते म्हणाले. "मंग आता माह्यं काय काम राह्यलं?"

आणि तेव्हा मला कळलं की तीन दिवस टाळ्या वाजवत नाचणारी मी नेमकं काय करून बसले होते. त्यांचं मशीन मी वाचवलं होतं आणि त्यांचं काम काढून घेतलं होतं. खोटं काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती, पण त्यांना ते लगेच कळलं असतं. दार उघडंच होतं, वाफ निघून जात होती. मामाजी बसल्या जागेवरून आत पाहत होते. मग त्यांच्या भुवया जवळ आल्या.

"हे ताटं कोनं लावले?"

मी म्हटलं, मी.

"असे लावतेत का?" ते स्टुलावरून उठले. "एकाची पाठ दुसऱ्याच्या तोंडाले लागून राह्यली. मंधात पानी जाईन कुठून? अन् हा गंज उताना ठेवला तू? त्यात सारं पानी भरते ना." आणि त्यांनी खालचा कप्पा ओढून माझं एकेक ताट बाहेर काढायला सुरुवात केली. गरम ताट एका हातात धरून, पोटाशी टेकवून, पुन्हा तिरपं करून दोन दातांच्या मध्ये बसवत होते. वाट्या सगळ्या काढल्या, चमचे दांड्या खाली करून लावले. मी पुढे झाले तर मला कोपराने बाजूला केलं. बाहेर बसचा भोंगा वाजला. त्यांनी मान वर केली नाही.

"जाय, बस चुकन तुयी," मामाजी म्हणाले. "संध्याकाळी आली का बसजो इथं. ताटं कसे लावाचे ते शिकवतो तुले."